हत्यारबंदीचा कायदा आणि लेखी कारण

विजयादशमीच्या दिवशीं आपल्या घरोघरीं शस्त्रपूजा होते. पाटावर काय मांडलेलें असतें तें मात्र पाहण्यासारखें असतें. कोठें कोयता नि विळा, कोठें सुताराची पटाशी, तर कोठें नुसती लेखणी आणि चार पोथ्या. ज्या घराण्यांत एके काळीं तरवार खुंटीला टांगलेली असे, त्यांतील कित्येकांत आज तिची आठवण तेवढी उरली आहे. काळ पालटला, फौजा मोडल्या, हें याचें एक कारण खरेंच. पण दुसरें कारण कायद्याच्या पुस्तकांत आहे. त्या कायद्याची आणि त्याला झालेल्या विरोधाची हकीकत आजहि विचार करण्यासारखी आहे.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारनें ठिकठिकाणीं लोकांचीं हत्यारें काढून घेतलीं, आणि १८६० सालीं त्याविषयीं एक कायदाहि केला. परंतु पुढें ऐंशी वर्षें ज्याचें नांव लोकांच्या तोंडीं राहिलें तो कायदा १८७८ चा, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असतांना झालेला. देशी भाषांतील वृत्तपत्रांचें तोंड बांधणारा कायदाहि त्याच सालचा. तो १८८२ सालीं रद्द झाला. हत्यारांचा कायदा मात्र राहिला. परवान्यावांचून बंदूक बाळगूं नये, तरवार किंवा भाला घेऊन बाहेर पडूं नये, आणि हें मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद भोगावी, असें त्याचें स्थूल स्वरूप होतें. या बंदोबस्तानें बंड टळलें म्हणावें, तर दुसऱ्याच वर्षीं, १८७९ च्या फेब्रुवारींत, वासुदेव बळवंत फडक्यांनीं पुणें प्रांतांत बंडाचा झेंडा उभारला.

लोकांना खरें झोंबलें तें कैदेचें कलम नव्हे. कायद्याखालीं जे नियम झाले त्यांत युरोपियन, अमेरिकन, आर्मेनियन आणि अँग्लो-इंडियन यांना सरसकट माफी होती. कांहीं संस्थानिक व सरदार, तसेच कोडगूंतील कोडव लोक, यांनाहि सूट मिळालेली होती. पण ती मेहेरबानी म्हणून. कालपरवां बंदरावर उतरलेल्या गोऱ्याला जें कोणी विचारीत नसे, तें पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातींत राबणाऱ्या कुणब्याला विचारलें जाई. रानडुकरांचा कळप उभें पीक तुडवून गेला, तरी हाकाटी करण्यापलीकडे त्यानें काय करावें? एकाच्या जातीवर भरंवसा आणि दुसऱ्याच्या जातीवर संशय, हेंच त्या कायद्याचें मर्म होतें.

१८८७ सालीं मद्रासेस काँग्रेसची तिसरी बैठक भरली, तेव्हां हा प्रश्न मंडपांत आला. तरुण बिपिनचंद्र पाल यांनीं या भेदभावाविरुद्ध जोरदार भाषण केलें. ठराव जो झाला तो मात्र मोठा सौम्य, आणि माझ्या मतें मोठा मार्मिक होता. कोणालाहि कसलेंहि हत्यार मिळावें असें त्यांत म्हटलेलें नव्हतें. म्हणणें इतकेंच होतें कीं, सर्वांना शस्त्र बाळगण्याची मोकळीक असावी. कोणा व्यक्तीला किंवा वर्गाला मनाई करावयाची झाल्यास सरकारनें ती खुशाल करावी, पण तिचीं कारणें लेखी नोंदून तीं प्रसिद्ध करावीं. म्हणजे आपण भरंवशाचे आहोंत हें रयतेनें सिद्ध करावयाचें नाहीं. रयत भरंवशाची नाहीं हें सरकारनें सिद्ध करावयाचें. सगळें भांडण या उलटापालटीचें होतें.

पुढें या तक्रारीला धार चढत गेली. लोकमान्य टिळकांवर ज्या लेखांबद्दल १९०८ सालीं राजद्रोहाचा खटला झाला, त्यांत या कायद्यानें राष्ट्राचें पौरुष मारलें हा आरोप होता. शिखांनीं कृपाणाचा हट्ट सोडला नाहीं. अकाली चळवळींत त्यापायीं अनेकांनीं तुरुंग पाहिला, आणि आज कृपाण धारण करण्याचा त्यांचा हक्क घटनेच्या २५ व्या कलमांत नोंदलेला आहे. सर्वांत नवल महात्मा गांधींचें. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत सैन्यभरती करीत असतां त्यांनीं जें पत्रक काढलें, त्यांत ब्रिटिश राज्याच्या दुष्कृत्यांपैकीं साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हें सर्वांत काळें कृत्य ठरेल, अशा आशयाचें विधान होतें. १९३० च्या अकरा मागण्यांतहि आत्मरक्षणासाठीं बंदुकीचे परवाने मिळावे, मात्र त्यांवर लोकांचा ताबा असावा, ही एक मागणी होती. अहिंसेच्या पुजाऱ्यानें असें म्हणावें यांत विसंगति दिसेल. पण ज्याला शस्त्र धरण्याची मोकळीकच नाहीं, त्यानें शस्त्र टाकलें याला त्याग कोण म्हणेल?

१९३१ सालीं कराचीस मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यांत नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क घातलेला होता. परंतु घटना लिहिण्याची वेळ आली तेव्हां तो गळाला. घटनासमितींत, १९४८ च्या डिसेंबरांत, श्री. ह. वि. कामत यांनीं तो परत घालण्याची उपसूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनीं ती मानली नाहीं. परक्या सरकारानें भेदभाव केला तेव्हांची गोष्ट निराळी. सराईत गुन्हेगारालाहि हा हक्क द्यावयाचा काय? नागरिकानें आग्रह धरावा तो शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, प्रसंगीं देशासाठीं तें धरण्याच्या कर्तव्याचा, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. उपसूचना नामंजूर झाली.

डॉ. आंबेडकरांचा निर्णय शहाणपणाचाच होता, असें मला वाटतें. घरोघरीं बंदूक असल्यानें शेजाऱ्याची भीति कमी होत नाहीं, वाढते. आणि रागाच्या क्षणीं हाताशीं असलेलें हत्यार विचाराची वाट पाहत नाहीं. परंतु १८८७ च्या ठरावांतील सार या निर्णयानें खोटें पडत नाहीं. १९५९ चा नवा कायदा झाला, त्यांत परवाना नाकारणाऱ्या अधिकाऱ्यानें कारणें लेखी नोंदावीं, अर्जदारानें मागितल्यास तीं थोडक्यांत कळवावीं, आणि नकारावर अपील असावें, अशी तजवीज झाली. पिकाच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागणाऱ्या शेतकऱ्याचाहि त्यांत स्पष्ट उल्लेख आहे. मद्रासच्या मंडपांतील मागणीला असें बहात्तर वर्षांनीं उत्तर मिळालें. तेंहि अर्धेंच, कारण सार्वजनिक हिताच्या नांवाखालीं कारण न सांगण्याची पळवाट ठेवलेलीच आहे.

२०१९ सालीं एका व्यक्तीजवळील बंदुकांची मर्यादा तीनवरून एकवर आणावी असें विधेयक आलें. त्याला नेमबाज व इतर परवानेदार यांनीं हरकत घेतली, तेव्हां ती मर्यादा दोनवर ठरली. हा फरक लहान दिसतो. पण १८७८ सालीं हरकत घेणाऱ्याचें ऐकून घेणारें कोणी नव्हतें. २०१९ सालीं होतें. हत्यारांचा कायदा कडक असावा कीं सैल, याविषयीं मतभेद राहतीलच. तो कडक असला तरी लोक सोसतात. मात्र तो सर्वांना सारखा असावा लागतो, आणि नकार देणाऱ्यानें त्याचें कारण कागदावर लिहून खालीं सही करावी लागते. दसऱ्याच्या पाटावर लेखणी मांडणाऱ्या घरांनीं निदान एवढा आग्रह तरी सोडूं नये.