जॉन्सन, रॉजर

(२८ एप्रिल १९८३ – ). इंग्लिश बचावपटू, २०१५ च्या इंडियन सुपर लीग हंगामात एफसी पुणे सिटीचा खेळाडू. जन्म सरे परगण्यातील ॲशफर्ड येथे. कारकिर्दीची सुरुवात खालच्या विभागांतील विकम वाँडरर्सकडून झाली. २००६ मध्ये तो कार्डिफ सिटीत आला आणि २००८ चा एफए कप अंतिम सामना खेळला.

२७ फेब्रुवारी २०११ रोजी वेम्ब्लीवर, तो तेव्हा खेळत असलेल्या बर्मिंगहॅम सिटीने आर्सेनलला २–१ असे हरवून लीग कप जिंकला. कॉर्नरवरून आलेला चेंडू जॉन्सनने डोक्याने पुढे ढकलला आणि त्याचा संघसहकारी झिगिच याने पहिला गोल केला. त्याच हंगामात मात्र बर्मिंगहॅमची पदावनती झाली. पुढे वुल्व्ह्‌जकडून खेळताना आणखी दोनदा तेच वाट्याला आले.

पुण्यात प्रशिक्षक डेव्हिड प्लॅट होते आणि घरचे मैदान बालेवाडीचे. आठ संघांत पुणे सातवे आले. २०१६ मध्ये तो चार्लटनकडे गेला. नंतर ब्रॉमलीकडून खेळला.