बालकांची उंची आणि ‘लहान पण निरोगी’ वाद : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मूल किती उंच होणार, या प्रश्नाचे घरोघरी दिले जाणारे उत्तर ‘आईबापांवर अवलंबून’ असे असते. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु एका मुलाविषयी खरे असलेले हे विधान संपूर्ण समाजाला लागू केले की त्याचा अर्थ पालटतो. भारतात १९८०च्या दशकात हा प्रश्न पोषणविषयक धोरणाशी जोडला गेला आणि त्या वादाचे एक केंद्र पुणे हे होते. प्रस्तुत लेखात या वादाची पार्श्वभूमी व पुढील वाटचाल यांचा मागोवा घेतला आहे.

वारसा की परिस्थिती?

फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये २०५ दांपत्ये व त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंच आईबापांची मुले उंच असतात, मात्र सरासरीने आईबापांइतकी नव्हे, हा त्यांचा निष्कर्ष संख्याशास्त्रात प्रसिद्ध आहे. त्यांची सामग्री बक्षिसाच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन स्वतःच्या नोंदी लिहून पाठविणाऱ्या कुटुंबांची होती, याकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. अशा कुटुंबांत अन्नाची ददात नसणार. साहजिकच तेथे उरणारा फरक बहुतांशी वारशाचा दिसतो.

गाल्टनपूर्वीच, १८२९ मध्ये, फ्रान्समधील व्हिलेर्मे या वैद्याने सैन्यभरतीच्या नोंदींवरून पॅरिसच्या संपन्न विभागांतील तरुण गरीब विभागांतील तरुणांपेक्षा उंच असल्याचे दाखविले होते. पुढे फ्रान्झ बोआस यांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे १८ हजार स्थलांतरित व त्यांची मुले यांची मोजमापे घेतली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची शरीरमापे त्यांच्या परदेशात जन्मलेल्या भावंडांहून भिन्न आढळली. वंश तोच, परिस्थिती निराळी, असा हा पुरावा होता.

पुण्यातील वाद

दांडेकर व रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचे मोजमाप दरडोई २२५० उष्मांकांच्या आधारे केले. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले, अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ काम केलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीवर आक्षेप घेतला. एकाच निरोगी माणसाची ऊर्जेची गरजही दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेत तिच्याशी जुळवून घेते. म्हणून सरासरीखाली असलेल्या प्रत्येकाला कुपोषित ठरविणे चूक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. संख्याशास्त्रदृष्ट्या हा आक्षेप वजनदार होता, हे मान्य करावे लागेल.

त्यातून निघालेला पुढचा निष्कर्ष मात्र अधिक धाडसी होता. सुखात्मे यांनी संपादित केलेल्या आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९८२ मध्ये पुण्यात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी ‘लहान पण निरोगी’ ही कल्पना मांडली. सौम्य व मध्यम कुपोषित गणली जाणारी बहुतेक मुले केवळ आकाराने लहान आहेत, आजारी नाहीत, असा तिचा आशय. ती मान्य केल्यास साहाय्यास पात्र मुलांची संख्या एकदम घटते, आणि तीही एका मुलाच्या ताटात घासभर भर न पडता.

डॉ. सी. गोपालन यांनी १९८३ मध्ये याला कडाडून विरोध केला. खुंटलेली वाढ ही यशस्वी जुळवणूक नसून वंचनेची खूण आहे. आज बुटकी राहिलेली मुलगी उद्या कमी वजनाच्या बाळाची आई होते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. सुखात्मे यांच्याविषयी एक नोंद आवश्यक आहे. स्वच्छ पाणी व परिसरस्वच्छता यांवर त्यांचा भर होता, आणि उघड्यावरील शौच व मुलांची उंची यांचा संबंध तपासणारे २०१० नंतरचे संशोधन त्याच दिशेने गेले. त्यांच्या मांडणीचा हा भाग ‘लहान पण निरोगी’च्या गदारोळात झाकोळला.

वाद संपला काय?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात दक्षिण दिल्लीसह सहा देशांतील सुस्थितीतील मुलांचा अभ्यास केला. त्यांच्या लांबीतील एकूण तफावतीपैकी केवळ ३ टक्के तफावत स्थळभेदाची निघाली. त्यावर आधारित वाढीची मानके २००६ मध्ये आली. या मानकांनुसार २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली.

तरीही २०१३ मध्ये अरविंद पनगढिया यांनी आनुवंशिकतेचा मुद्दा पुन्हा उपस्थित केला. भारतात बालमृत्यू कमी असूनही मुले आफ्रिकेतील मुलांहून बुटकी का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. २०१७ मध्ये सीमा जयचंद्रन व रोहिणी पांडे यांनी जन्मक्रमानुसार आकडे मांडले. भारतातील पहिले अपत्य, विशेषतः पहिला मुलगा, आफ्रिकेतील मुलांच्या तुलनेत मागे नाही. दुसऱ्या अपत्यापासून अंतर पडू लागते आणि तिसऱ्यापाशी ते अधिक वाढते. एकाच आईबापांच्या भावंडांमधील हा उतार आनुवंशिकतेने स्पष्ट होत नाही. या अभ्यासकांनी त्याचा संबंध ज्येष्ठ पुत्राला मिळणाऱ्या अग्रक्रमाशी जोडला आहे.