फटफटीची किक : बळ आणि जाण

एका सिलिंडरची जुनी फटफटी पायानें चालू करणें हें धटिंगणाचें काम, असा समज लोकांत फार दिवस रूढ आहे. धष्टपुष्ट तरुणानें लाथांमागून लाथा घालून घामाघूम व्हावें, गाडीनें हूं कीं चूं करूं नये. आणि मग एखाद्या काटकुळ्या मिस्त्रीनें पायानें दांडी नुसती चांचपून एका किकेंत तिला बोलती करावी, हें दृश्य गॅरेजांतून नित्याचें होतें. पाहणारे त्याला पायगुण म्हणत. परंतु तो पायगुण नव्हे. यंत्राच्या पोटांत त्या क्षणीं काय चाललें आहे, याची ती जाण होय. ही जाण नसेल तर पायांतील बळ फुकट जातें, आणि प्रसंगीं तेंच अंगाशीं येतें.

पहिल्या मोटारसायकलींना किक नव्हतीच. म्यूनिक येथें १८९४ सालापासून हिल्डेब्रांट आणि वोल्फम्युलर यांची गाडी विक्रीसाठीं बांधली जाऊं लागली. ती ढकलीत स्वारानें धांवावें आणि यंत्र पेटतांच वर उडी घ्यावी, असा तिचा शिरस्ता. पुढील कित्येक गाड्यांना सायकलीसारखीं पायडलें होतीं. भरल्या रस्त्यांत किंवा चढावर ही कसरत मोठी जिकिरीची होई. ती चुकविणारी पायाची दांडी यॉर्कशायरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट यानें १९०८ च्या सुमारास आपल्या गाडीस बसविली. स्कॉटची गाडी दोन सिलिंडरची होती. दांडी एका मोठ्या सिलिंडरच्या गाडीवर आली, तेव्हां खरी कसोटी सुरू झाली.

ही कसोटी कशाची, तें बुलेटच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीनें हें नांव १९३२ सालीं प्रथम दिलें. १९५५ सालीं त्या वेळच्या मद्रासेंत, म्हणजे आजच्या चेन्नईंत, भागीदारीनें कारखाना निघाला आणि बुलेट भारताची झाली. तिच्या ३५० च्या नमुन्यांत सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर आणि आकारमान ३४६ घन सेंटिमीटर. एवढी पेट्रोलमिश्रित हवा दट्ट्या एका दमांत सुमारें साडेसहा पट दाबतो. त्या दाबापुढें दांडी अडून बसते. मात्र यंत्राच्या दोन फेऱ्यांत हा दाब एकदांच येतो. सारें मर्म एथेंच आहे.

जाणता स्वार दाबाशीं झुंजत नाहीं. तो त्याला वळसा घालतो. प्रथम दांडी हलकेंच दाबीत न्यावी. ती घट्ट लागली कीं दट्ट्या दाबाच्या धांवेंत वर आला, असें समजावें. मग हँडलवरील डीकॉम्प्रेसरची कळ ओढली म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप उघडते, कोंडलेली हवा सुटते आणि दट्ट्या शिखर ओलांडून किंचित् पुढें सरकतो. कळ सोडावी, दांडी पुन्हा वर येऊं द्यावी आणि मग अंगाचा भार देऊन ती एका दमांत तळापर्यंत न्यावी. आतां पुढचा दाब दीड फेरी दूर असतो. तेवढ्या अवधींत फ्लायव्हीलचें जड चाक वेग घेतें आणि तो वेगच दट्ट्याला दाबापार लोटतो.

बॅटरीवरील ठिणगीच्या गाड्यांत अँमीटरचीही साक्ष मिळते. किल्ली फिरवून दांडी हळू दाबतांना कांटा खर्चाच्या बाजूस झुकतो. तो मध्यावर परतला कीं पॉइंट उघडले, म्हणजेच दट्ट्या शिखरापाशीं आला. मग कळ ओढावी. थंड यंत्रास दाट मिश्रण लागतें, तापलेल्यास तें बाधतें. पेट्रोल जास्त झाल्यास किल्ली बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून आणि कळ ओढून चारसहा किका माराव्या, म्हणजे सिलिंडर मोकळा होतो.

श्रोत्यांनीं एक गोष्ट विशेष ध्यानीं ठेवावी. भिऊन मारलेली अर्धवट किक सर्वांत धोक्याची. ठिणगी पडते ती दट्ट्या शिखरास पोंचण्याच्या थोडी आधीं. वेग अपुरा असला तर स्फोट त्याला उलट हांकतो आणि दांडी उसळून पायावर येते. या झटक्यानें घोटा मोडूं शकतो. म्हणूनच कित्येक जुन्या गाड्यांच्या हँडलवर ठिणगी उशीरा पाडण्याची कळ असे. पुढें तें काम आपोआप होऊं लागलें. तरीही पायांत भक्कम जोडा असावा आणि गुडघा ताठ ठेवूं नये.

२०२१ सालीं रॉयल एनफील्डची नवी क्लासिक ३५० किकेवांचूनच आली. बटणामुळें अधू पायांच्या माणसालाही यंत्र चालू करतां येऊं लागलें, हा लाभ लहान नव्हे. परंतु जुन्या फटफट्या अद्याप पडवींतून उभ्या आहेत आणि बापाकडून मुलाकडे जात आहेत. गाडीबरोबर ही जाणही मुलाच्या हातीं दिली पाहिजे. नाहींपेक्षां वारशांत दांडी येईल आणि तिच्यासोबत दुखावलेला पाय.