ताबा कोणासाठी?

हार्मन्ड्सवर्थ हे लंडनच्या पश्चिमेचं गाव. तिथल्या पाद्र्याकडून रिचर्ड फेअरी यांनी १९२९ मध्ये सुमारे दीडशे एकर जमीन १५,००० पौंडांना घेतली. फेअरींचा विमानांचा कारखाना जवळच, हेजला. चाचण्यांसाठी ते वापरत ते नॉर्थोल्टचं मैदान हवाई खात्याने सोडायला सांगितलं होतं. नवी जागा सुचवली नॉर्मन मॅकमिलन या त्यांच्या वैमानिकाने. १९२५ मध्ये त्याला तिथे नाइलाजाने विमान उतरवावं लागलं होतं, तेव्हाच ती सपाट जमीन त्याच्या मनात भरली होती. भोवती भाजीपाल्याचे मळे आणि हीथ रो नावाची वाडी. १९३० पासून या गवताळ मैदानावरून विमानं उडू लागली. फेअरींच्या ‘स्वोर्डफिश’ विमानाचा मूळ नमुना १७ एप्रिल १९३४ रोजी इथूनच पहिल्यांदा उडाला. पुढे कारखानाही इथेच आणायचा फेअरींचा बेत होता.

१९४४ मध्ये सरकारने युद्धकालीन संरक्षण नियमांखाली मैदान ताब्यात घेतलं. कारण दिलं गेलं ते हवाई दलाच्या लांब पल्ल्याच्या वाहतूक विमानांचं. या नियमांमुळे जाहीर चौकशीची कटकट टळली. वाडीही जमीनदोस्त झाली.

हवाई खात्याचे तेव्हाचे उपमंत्री हॅरॉल्ड बाल्फर यांनी मात्र १९७३ च्या आत्मचरित्रात वेगळंच सांगितलं: आपल्याला पहिल्यापासून नागरी विमानतळच हवा होता, लष्करी गरज पुढे करून आपण मंत्रिमंडळाच्या समितीची दिशाभूल केली. हा कबुलीजबाब जपूनच वाचायला हवा. एव्हाना हीथ्रो जगप्रसिद्ध झाला होता, आणि त्याचं श्रेय कुठल्या राजकारण्याला नको असतं?

जागेवरचा पुरावा निर्णायक नाही. मुख्य धावपट्टी ३,००० यार्डांची, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या तळांवरच्या नेहमीच्या पट्टीच्या दीडपट. पण अवजड लष्करी विमानांसाठीही ती तेवढी लांब केली असू शकते. हवाई दलाने तळ वापरलाच नाही, हेही खरं. पण तळ तयार होण्याआधी युद्धच संपलं होतं. १ जानेवारी १९४६ ला तो नागरी खात्याकडे गेला आणि त्याच दिवशी इथून एक लँकेस्ट्रियन विमान ब्युनोस आयर्सला निघालं.

माझ्या मते पारडं झुकतं ते फेअरींच्या पत्राने. युद्धकाळात ते वॉशिंग्टनमध्ये ब्रिटिश हवाई मंडळाचे प्रमुख होते. ताब्याची बातमी तिथे पोचल्यावर त्यांनी लिहिलेल्या पत्रातला राग हवाई दलावर नाहीच. खासगी कंपन्यांनी दूरदृष्टीने उभारलेली मैदानं हेरून सरकारी जोरावर बळकावणं सोपं, असा टोला त्यांनी नागरी विमानवाहतुकीच्या अधिकाऱ्यांना लगावला. म्हणजे बाल्फर यांनी पुस्तकात जे १९७३ मध्ये कबूल केलं, ते ज्याची जमीन गेली त्याने तेव्हाच ओळखलं होतं.

फेअरींचा हँगर पुढे बरीच वर्षं विमानतळाचं अग्निशमन केंद्र म्हणून वापरात राहिला. स्वतः फेअरी १९५६ मध्ये वारले. नुकसानभरपाईचा वाद मिटायला १९६४ साल उजाडलं. रक्कम ठरली १६ लाख पौंड.