पेटी उघडून पाहावी

माहेरी बेळगावला बस्तीत अभिषेकाचे सवाल होतात, इथे डिचोलीच्या देवळांत फळांची पावणी होते. बोली लावणं आपल्याला काही नवं नाही. पण पावणीतला नारळ डोळ्यांसमोर असतो. हरमलला छोटं गेस्ट हाऊस चालवणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांनी मात्र गेल्या पावसाळ्यात मोबाइलवर बोली लावली ती न पाहिलेल्या वस्तूवर. नाणं टाकून खेळायचं जुनं व्हिडिओ गेम मशीन!

"वहिनी, एकदम ओरिजिनल आहे," भावोजी म्हणाले.

मला आठवलं ते बेळगावचं पार्लर. भाऊ आत खेळायचा, मी छत्री धरून दारात उभी. मुलींनी आत जायचं नसे. पुढे 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कर्नाटकातल्या अशा पार्लरांना परवाना घ्यावाच लागेल, असं ठरवलं. जागेची ख्यातीच तशी होती.

गंमत म्हणजे त्यातला एक खेळ बायकांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. 1978 मध्ये जपानच्या तैतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला, त्यात नुसती गोळाबारी. नाम्को कंपनीतल्या तोरू इवातानींना वाटलं, मुलीही खेळायला याव्यात. म्हणून 1980 च्या त्यांच्या 'पॅकमॅन'मध्ये मारामारीऐवजी खाणं आलं. तो खेळ आमच्यासाठी होता आणि आम्ही दाराबाहेर!

मशीन आलं. लाकडी पेटी जुनीच होती. मागची फळी काढली तर आत हाताच्या पंजाएवढं नवं सर्किट आणि चपटा पडदा. काचेची पिक्चर ट्यूब गायब. विक्रेता फोन उचलेना.

मग मी वाचत बसले. 1985 मध्ये जपानी उत्पादकांनी 'जामा' नावाची एकच वायर-जोडणी ठरवली. त्यामुळे पेटी तीच ठेवून आतला खेळ बदलता येऊ लागला. म्हणजे पेटीत दुसरा खेळ असणं ही फसवणूक नव्हे, नवा माल जुना म्हणून विकणं ही फसवणूक. काही बोर्ड तर बॅटरीवर जगतात. कॅपकॉम कंपनीच्या 1993 नंतरच्या बोर्डांत ती बॅटरी संपली की आतली किल्ली पुसली जाते आणि खेळ मुका होतो.

म्हणून बायांनो, घरात कुणी असं काही घेत असेल तर आधी तीन गोष्टी मागायला सांगा. मागची फळी काढून घेतलेला फोटो, नाव-नंबराची पट्टी, आणि बटण दाबल्यापासून खेळ सुरू होईपर्यंतचं चित्रण. मशीन जपानी असेल तर वीज 100 व्होल्टची, आपली 230 ची, तेही विचारा. शिवाय पेडण्याची खारी हवा लोखंडाला सोडत नाही.

भावोजींचे पैसे गेले ते गेलेच. पण त्या नव्या सर्किटात पॅकमॅन होता. मी खेळले, पन्नाशीनंतर पहिल्यांदा. तीनदा हरले आणि चौथं नाणं मागितलं.