खिशातले रिव्हॉल्व्हर आणि नेमबाजीचे मैदान

लहान चौकटीच्या रिव्हॉल्व्हरची परंपरा अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शहरातून सुरू होते. तिथल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ मध्ये .२२ व्यासाचे सातबारी रिव्हॉल्व्हर काढले. ते खिशात सहज मावे, पण त्याचा मारा दुबळा होता. जोरदार काडतूस हवे तर शस्त्र मोठे होणार, ही अडचण पुढे जवळजवळ शतकभर राहिली. कोल्ट कंपनीने १९२७ मध्ये दोन इंची नळीचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ आणून ती बरीच सोडवली. त्यात .३८ स्पेशलची सहा काडतुसे बसत. साध्या वेशातल्या पोलिसांना ते आवडले, तरी कोटाखाली ते थोडे जाडच वाटे.

स्मिथ अँड वेसनची लहान ‘आय’ चौकट मुळात .३२च्या काडतुसांसाठी होती, लांब .३८ स्पेशल तिच्यात बसत नसे. कंपनीने ती किंचित वाढवून ‘जे’ चौकट तयार केली आणि एक काडतूस कमी करून सिलिंडर सडपातळ ठेवला. हे पाचबारी रिव्हॉल्व्हर १९५० मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे पोलीसप्रमुखांच्या परिषदेत मांडले गेले. उपस्थितांच्या मतानेच त्याचे नाव ‘चीफ्स स्पेशल’ ठरले. वजन सुमारे साडेपाचशे ग्रॅम.

नेमबाजीच्या मैदानावर मात्र या आटोपशीरपणाची किंमत लगेच कळते. नळी आखूड असल्याने पुढची माशी आणि मागची खाच जवळजवळ येतात, आणि नेमातली केसभर चूक लक्ष्यावर बोटभर होते. मूठ इतकी लहान की करंगळीला जागा उरत नाही. घोडा आधी मागे न ओढता नुसत्या चापावर गोळी झाडायची, तर पाच किलोंच्या आसपास जोर लागतो. अर्ध्या किलोचे शस्त्र त्या ओढीत स्थिर ठेवणे हीच या सरावातली खरी परीक्षा. म्हणून नवख्या माणसाला सात यार्डांवरही गोळ्या विखुरलेल्या दिसतात. दोष शस्त्राच्या अचूकतेचा नसतो: घट्ट आधारावर ठेवून झाडले तर तेच रिव्हॉल्व्हर अगदी एकमेकांजवळ छेद पाडते.

पुढच्या सुधारणा वागवणाऱ्याच्या सोयीच्या होत्या, झाडणाऱ्याच्या नव्हेत. १९५२च्या ‘सेंटेनियल’मध्ये घोडा चौकटीच्या आत गेला. तो कापडात अडकेना, पण आधी मागे ओढून हलक्या चापावर नेम साधण्याची सवलतही गेली. त्याच सुमारास अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची ‘एअरवेट’ आली. सुरुवातीला तिचा सिलिंडरही अ‍ॅल्युमिनियमचाच होता. तो पुरेसा टिकाऊ न ठरल्याने लवकरच पोलादी करावा लागला. १९६५ मध्ये ‘मॉडेल ६०’ हे गंज न धरणाऱ्या पोलादाचे रिव्हॉल्व्हर निघाले. घामाने भिजणाऱ्या खिशासाठी या साऱ्यांत हीच सर्वांत शहाणी सुधारणा म्हणावी लागेल.

एकविसाव्या शतकात स्कँडियममिश्रित चौकटीमुळे वजन साडेतीनशे ग्रॅमच्याही खाली आले, आणि त्यातून .३५७ मॅग्नमसारखे दणकट काडतूस झाडता येऊ लागले. शस्त्र जितके हलके तितका धक्का जास्त. काडतुसांची एक पेटी संपण्याआधीच तळवा हुळहुळतो. शिवाय त्या हिसक्याने सिलिंडरमधल्या न झाडलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर अडकू शकतो. काही मॉडेल्समधला टायटॅनियमचा सिलिंडर लवकर झिजू नये म्हणून त्यांच्या नळ्यांवर १२० ग्रेनपेक्षा हलकी मॅग्नम गोळी वापरू नये, अशी सूचनाच कोरलेली असते. रुगर कंपनीने २००९ मध्ये ‘एलसीआर’ आणताना चापाची ओढ सुरळीत करण्यावर आणि धक्का शोषणाऱ्या मुठीवर भर दिला; झाडणाऱ्याच्या बाजूने झालेल्या मोजक्या प्रयत्नांपैकी हा एक.

अमेरिकेतल्या अनेक व्यावसायिक मैदानांवर ही रिव्हॉल्व्हर खरेदीआधी भाड्याने झाडून पाहता येतात. दुकानाच्या काउंटरवर सर्वांत हलके मॉडेल मोहात पाडते. मैदानावर, सपाट तोंडाच्या सौम्य काडतुसांसह, जुन्या वजनाचे पोलादी पाचबारीच सरस ठरते.