पांढऱ्या पट्ट्याचे टायर आणि आपल्या फियाटचं वय

टायर काळाच असतो, हे आपण जन्मापासून इतकं बघत आलोय की त्यात काही इतिहास असेल असं वाटतच नाही. पण मोटारीचे पहिले टायर पांढरट होते. रबराच्या झाडाचा चीक मुळात पांढरा, आणि त्यात मजबुतीसाठी झिंक ऑक्साइड घालायचे, तेही पांढरंच. मिशेलिन कंपनीचा तो टायरांच्या वळ्यांचा गुबगुबीत माणूस आठवतो ना? तो १८९८ सालचा. तो पांढरा का? कारण तेव्हाचे टायरच फिकट रंगाचे होते.

मग रबरात काजळी आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या सिल्व्हरटाउनच्या कारखान्यात ती मिसळून पाहिली गेली, आणि १९१० नंतर अमेरिकेत गुडरिच कंपनीने तिचा सर्रास वापर सुरू केला. आपल्या आज्या निरांजनावर वाटी धरून काजळ धरायच्या, त्याच जातीची ही वस्तू, फक्त कारखान्यात तेल आणि वायू जाळून काढलेली. काजळीने टायर कितीतरी पट जास्त टिकायला लागला. काही कंपन्या काजळी फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात घालायच्या आणि बाजू पांढरी राहायची. पांढऱ्या पट्ट्याचा टायर तिथून आला. म्हणजे आज ज्याला लोक थाट समजतात, ती सुरुवातीला काटकसर होती. उलट पूर्ण काळा टायर तेव्हा भारी समजला जायचा, कारण तो पुसत बसावं लागत नसे. १९३० च्या दशकात हे उलटलं. काळे टायर सगळ्यांकडे झाले आणि पांढऱ्या पट्ट्यासाठी कंपन्या जादा पैसे घ्यायला लागल्या. माणसाची हौस कशी फिरते बघा.

दुसऱ्या महायुद्धात मलाया जपानच्या ताब्यात गेला, रबर आटलं आणि पांढरे पट्टे गेले. आपल्याकडे टायर रेशनवर आले, पेट्रोल मिळेना म्हणून प्रवासी गाड्या कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या. घरातल्या नव्वदीच्या माणसाला विचारा, गाडीच्या मागची ती कोळशाची शेगडी अजून आठवत असेल. युद्ध संपल्यावर पट्टे परत आले, पन्नाशीत चांगले रुंद झाले आणि १९६२ च्या आसपास बोटभर उरले. पांढरी अक्षरं त्यानंतरची. शर्यतीच्या मैदानात लांबून नाव दिसावं म्हणून टायरवर कंपनीचं नाव पांढऱ्याने रंगवायचे. साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या दशकात ते अमेरिकेतल्या दणकट इंजिनांच्या रस्त्यावरच्या गाड्यांवर आलं.

आता आपल्याकडे या. मोटारीच्या बाबतीत महाराष्ट्र काही पाहुणा नव्हता. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. भारतातला तो पहिला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्यात आधी अमेरिकन डॉज-प्लिमथ आणि मग फियाट गाड्या तयार व्हायला लागल्या. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्याच माणसाच्या नावाचं, त्यामुळे पुणे जिल्ह्याने प्रीमियरला आपली म्हणायला हरकत नाही. टायरचंही तसंच. बंगालमध्ये साहागंजला डनलॉप, पण शिवडीला फायरस्टोन आणि १९५८ पासून भांडुपला सीएट. सीएट म्हणजे मूळची इटलीतल्या तुरीनची कंपनी, हे आज तिच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या दहा जणांना विचारलंत तर नऊ जणांना माहीत नसेल.

त्या काळी मोठ्या गाडीचा मान काय होता ते भगवानदादांवरून कळतं. ‘अलबेला’ १९५१ चा. त्यानंतर दादांच्या दारात सात गाड्या होत्या, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक, असं सिनेमावाले आजही सांगतात. गाड्या गेल्या, बंगला गेला आणि दादा शेवटी दादरच्या चाळीत राहिले, तेही सांगतात. कोल्हापूरकरांना असं काही ऐकीव सांगायला नको. छत्रपतींची ती जुनी मेबॅक शाही दसऱ्याला चौकात येते तेव्हा आख्खं गाव तिच्याकडे बघत असतं.

१९५० च्या दशकात सरकारने धोरण बदललं. नुसती जोडणी नको, इथे बनवणार असाल तर थांबा, असं ठरलं. जनरल मोटर्स १९५४ मध्ये शिवडीतून गेली, फोर्डही गेली. मग आपल्या वाट्याला फियाट, अॅम्बेसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड. पुढची तीस वर्षं मध्यमवर्गाची गाडी म्हणजे यांपैकीच एक, तीही नंबर लावून. म्हणून ‘क्लासिक कार’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर पांढऱ्या पट्ट्याची इम्पाला येत असेल, तर माझ्या डोळ्यासमोर एखाद्या पेठेतल्या वाड्याच्या बोळात ताडपत्रीखाली उभी असलेली फियाट येते. ही पोस्ट तिच्यासाठी आहे.

तिला टायर घ्यायचा तर काय बघायचं? आधी आकडा. फियाट-पद्मिनीचा मूळ आकार ५.२०-१४, अॅम्बेसेडरचा ५.९०-१५. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचात. हे जुन्या पद्धतीचे, आडव्या-तिरक्या धाग्यांचे टायर. त्यांच्या जागी रेडियल बसवायचे तर चारही बसवा. एकाच अॅक्सलवर एक जुना आणि एक रेडियल असं कधीच करू नका, गाडी वळणावर फसवते. दुसरं, टायरचं वय. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० च्या आधीचा आहे. दुकानदार ‘वापरलेलाच नाही साहेब, गोडाऊनमध्ये होता’ म्हणेल. गोडाऊनमध्येही रबर म्हातारं होतं.

तिसरी गोष्ट शोभेची. पन्नाशीच्या अमेरिकन गाडीला रुंद पट्टा, साठीतल्या गाडीला बारीक, सत्तरीतल्या दणकट गाडीला अक्षरं. १९३८ च्या गाडीला पांढरी अक्षरं म्हणजे पैठणीवर स्पोर्ट शूज. आणि आपल्या फियाटला साधा काळा टायर सगळ्यात छान दिसतो, हे माझं प्रामाणिक मत. भांडायचं तर भांडा.

पण हौस असते. ती आपल्या रक्तात आहे. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणारे आपण, दसऱ्याला गाडी धुऊन झेंडू बांधणारे आपण, टायरला कसं सोडू? ट्रकवाले आणि रिक्षावाले टायरची अक्षरं ऑइलपेंटने भरतात, बुलेटवाली पोरंही भरतात. दोन महिन्यांत त्याच्या खपल्या निघतात, कारण टायर चालताना सतत दबतो आणि ताणला जातो, ऑइलपेंटला ते जमत नाही. नाना पेठेत आणि जुन्या बाजारात विचारत फिरलं की रबराच्या पांढऱ्या रिंगा मिळतात, रिम आणि टायरच्या मधे अडकवायच्या. दिसतात झकास. पण आत वाळू शिरली की रिंग करवतीसारखी टायरची बाजू घासत राहते, आणि रेडियल टायरची बाजू जास्त फुगत-दबत असल्याने तिथे हे आणखी लवकर होतं. प्रदर्शनापुरती लावा, महामार्गावर नको.

खरा पांढऱ्या अक्षरांचा टायर वेगळाच बनतो. त्याच्या बाजूत काजळी न घातलेल्या पांढऱ्या रबराचा थर असतो, वर काळ्या रबराचा पातळ पापुद्रा. टायर साच्यातून निघाल्यावर अक्षरांवरचा पापुद्रा यंत्राने घासून काढतात आणि खालचं पांढरं उघडं पडतं. म्हणजे तो रंग नाही, टायरचंच अंग आहे. नवीन टायरच्या त्या भागावर निळसर लेप असतो, वाटेत डाग पडू नयेत म्हणून. तो गाडीला लावल्यावर लगेच साबण-पाण्याने धुवून काढायचा. उन्हात महिनाभर राहिला तर नंतर रडवतो.

पुढचा त्रास पिवळेपणाचा. रबर तडकू नये म्हणून त्यात तेलं, मेण आणि रसायनं घातलेली असतात, ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि पांढरं तपकिरी पडतं. उपाय साधा आहे. कोमट पाणी, धुण्याचा साबण, कपड्याचा ब्रश. डाग हट्टी असेल तर साबण लावून तारेची बारीक घासणी, तीही हलक्या हाताने आणि फक्त पांढऱ्यावर. पेट्रोल, रॉकेल, थिनर अजिबात नको. त्याने क्षणभर लख्ख होतं, पण काळ्या रबरातलं तेल ओढलं जाऊन पांढऱ्यावर उतरतं आणि रबरही खराब होतं. सर्व्हिसिंगला गाडी दिलीत तर ‘टायरला पॉलिश मारू नका’ हे कागदावर लिहून द्या, तोंडी सांगून उपयोग नाही. आणि पुण्यात राहत असाल तर फूटपाथच्या कडेपासून चार बोटं लांब लावा. जागा मिळाली तर.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं त्याकडे येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात जपलेली, म्हणजे व्हिंटेज. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांसाठी. मग दर पाच वर्षांनी ५ हजार. नव्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, जुना नंबर असेल तर तो राखता येतो. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल यासाठीच रस्त्यावर आणायची, रोज फिरवायची नाही. नियम वाईट नाही, निदान वारसा म्हणून नाव तरी दिलं.

पण ‘मूळ स्वरूपात’ म्हणताय, तर मूळ आकाराचा टायर आणायचा कुठून? जुन्या साच्यांतून जुन्या धाटणीचे टायर बनवणाऱ्या कंपन्या परदेशात आहेत, अमेरिकेत कोकर नावाची कंपनी वर्षानुवर्षं तेच करते. आपल्याकडे टायरला आयएसआय लागतो, आणि जून २०२० मध्ये मोटारींच्या टायरची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली टाकली. देशी कारखाने वाचवायला केलं, ते समजतं. चार टायर मागवणारा हौशी माणूस कुणाचा कारखाना बुडवणार आहे? चार टायरसाठी परवाना काढणं त्याला झेपत नाही. मग तो वीस वर्षांचा, बाजूला भेगा पडलेला टायर घालून रॅलीला निघतो. समृद्धी महामार्गावर घासलेल्या टायरच्या गाड्या आरटीओने परत पाठवल्या तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. इथे कायदाच माणसाला जुन्या टायरवर ढकलतोय. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था आहे. व्हिंटेज नोंदणी असलेल्या गाडीला एका संचापुरती सूट आणि तपासणी तिच्याकडे, एवढं केलं तरी पुरे.

आणि फियाटचं काय? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, तिची नोंदणी २००३ ची, वीस वर्षांची मर्यादा संपली. पेपरांनी पानं भरली, आम्हीही भरली. पण खाजगी पद्मिनी आजही आहेत. १९९८ ची पद्मिनी व्हिंटेज व्हायला २०४८ उजाडेल. तोपर्यंत ती फक्त ‘जुनी गाडी’. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीचे ६०० रुपये होते ते एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारला १० हजार. पाच वर्षांना १० हजार म्हणजे दहा वर्षांना २० हजार. इम्पालावाल्याची व्हिंटेज फी तेवढीच, आणि पुढच्या दहा वर्षांत तो निम्मीच भरणार. पद्मिनीवाला गाडी रोज चालवू शकतो हे खरं, पण सत्तरीतले काका ती रविवारी सकाळी सारसबागेपर्यंत नेतात आणि परत ताडपत्री टाकतात. पंचवीस किंवा तीस वर्षांपुढच्या, कमी चालणाऱ्या गाड्यांचा एक मधला गट करा, किलोमीटरची मर्यादा घाला, प्रदूषण तपासणी घ्या आणि फी खाली आणा, एवढंच मागणं आहे. पुण्याच्या खासदारांपैकी कुणी हा प्रश्न लोकसभेत विचारणार असेल, तर आकडे वर दिलेलेच आहेत.